पेटीवरचे गाल

पुण्याच्या गाडीतून उतरलेली माणसं अंगणात आली आणि सरळ प्राजक्ताकडे गेली. विनीताकाकू तुळशीपाशी कोकम सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. वाटेतच होत्या, साडीही चांगली नेसल्या होत्या. तरी त्या माणसांनी त्यांना वळसा घातला, आणि पुढची चष्मेवाली बाई प्राजक्ताचा हात धरून म्हणाली, "अगं बाई, ह्याच त्या! पेटीवरच्या काकू! अगदी तश्शाच आहेत हो अजून!"

प्राजक्ता हसली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बसा वो," एवढंच म्हणाली. मग तिच्याबरोबर फोटो निघाले. आधी बायकांचे, मग पुरुषांचे, मग सगळ्यांचे मिळून. विनीताकाकूंच्या हातात ट्रे होता म्हणून बरं, नाहीतर त्या हातांनी काय केलं असतं ते देवालाच ठाऊक. एका तरुणाने ग्लास उचलताना त्यांना "थँक्यू आजी" म्हटलं. आजी! घरात अजून सून यायची होती, आणि हा आजी म्हणतो.

खरं तर पेटीवरचा चेहरा विनीताकाकूंचा होता. देवगडच्या अलीकडे त्यांची हापूसची बाग आहे, आणि तिथून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर 'काकूंचा हापूस' या अक्षरांखाली त्यांचा हसरा फोटो असतो. गोल चेहरा, भरलेले गाल, कपाळावर मोठं कुंकू. फोटोत खांद्याशीही काहीतरी दिसायचं, पण असे गाल असताना खांद्याकडे कोण बघतो?

त्या गालांचं काकूंच्या आयुष्यात मोठं स्थान होतं. माहेर मिठबावचं, घरची परिस्थिती बेताची, शिक्षण दहावीपर्यंत. पण सासूबाई बघायला आल्या आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "चेडवाच्या तोंडार तेज आसा." झालं, लग्न ठरलं. परशुराम हा थोरला मुलगा, बागेतच वाढलेला, बोलायला कमी. त्याने बायकोचं कौतुक कधी तोंडाने केलं नाही, पण गावातल्या बायकांनी ती कसर भरून काढली. हळदीकुंकवाला काकू गेल्या की कोणी ना कोणी गालाला हात लावून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडायचंच.

चार वर्षांनी धाकट्या मधूची बायको म्हणून प्राजक्ता आली. तेव्हा ती नुसती काडी होती. गाल आत गेलेले, दात पुढे. सासूबाई तिच्या पानात जास्तीचा भात वाढायच्या आणि उसासा टाकायच्या. विनीताकाकूंनी धाकट्या जावेला अगदी मायेने वागवलं. का नाही वागवणार? तिच्या शेजारी उभं राहिलं की काकू आणखीच उजळून दिसायच्या. एवढी सोयीची जाऊ नशिबाने मिळते.

पुढे घराचे दोन भाग झाले, अंगण एकच राहिलं. काकूंचा मुलगा मिहीर कॉलेजात असताना त्याने डोक्यात घेतलं की वाशीच्या दलालाला आंबा घालायचा नाही, थेट गिऱ्हाइकाला द्यायचा. पेटीवर आपल्या माणसाचा चेहरा हवा, म्हणजे लोक विश्वास ठेवतात. मधूभावजींनी बागेत काढलेला फोटो छापखान्यात गेला आणि काकू घरोघर पोचल्या. तेव्हापासून पंधरा वर्षं मे महिन्यात गाड्या यायच्या आणि माणसं काकूंना बघून हरखायची. काकूंनी वरवर "कशाक उगाच" म्हणायचं आणि पदर नीट करून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हे ठरून गेलं होतं.

मग गुडघे दुखायला लागले आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. काकूंचा स्वभाव असा की एखादी गोष्ट हातात घेतली की तिचा फडशा पाडल्याशिवाय सोडायची नाही. भात बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण बंद. पहाटे उठून वरच्या कातळमाळावर, सड्यावर, पवनचक्क्यांपर्यंत चालत जायचं, दम लागला तरी थांबायचं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत वीस-बावीस किलो उतरले. गुडघे हलके झाले, साखर ताळ्यावर आली, डॉक्टरांनी पाठ थोपटली.

आणि गाल गेले. पोट थोडंफार राहिलं जागेवर, पण गाल सगळ्यात आधी गेले. नाकाच्या बाजूने दोन घड्या हनुवटीकडे उतरल्या, जबड्याखाली कातडी सैल होऊन लोंबू लागली, डोळ्यांखाली पिशव्या आल्या. वर्षभरात पंधरा वर्षं उलटून गेल्यासारखा चेहरा झाला. बाजारात बायका हळू आवाजात विचारू लागल्या, "गो, बरी आसस मा? मोठा काय निघूक नाय मा?" काकू सांगायच्या की मी मुद्दाम उतरवलंय वजन. बायका मान हलवायच्या आणि विश्वास ठेवायच्या नाहीत.

एकदा त्या आरशापुढे बसल्या असताना परशुरामाने समजूत काढायचा प्रयत्न केला. "अगो, आंबो सुरकुतलो काय गोड जाता."

"आणि कोवळो काढलेलो आंबो सुरकुतता तो?" काकू फिरून म्हणाल्या. "तो गोड जाता? तो गोरवांफुडे टाकूक लागता!"

जन्म बागेत गेलेला परशुराम आंबे काढायचा घळ घेऊन निघून गेला. तेव्हा झाडावर उतरवायला एक आंबा नव्हता.

या सगळ्यात काडीसारखी प्राजक्ता वर्षं जातील तशी भरत गेली होती. छप्पन्न वर्षांची झाली तरी तिचे गाल कसे गोल, ताठ, चकचकीत! दोन वर्षांचंच अंतर दोघींत. ती दोन वेळा भात जेवायची, वर सोलकढी प्यायची, दुपारी झोपायची. काकूंना तिचा मत्सर वाटू लागला. साधासुधा नाही, रोज उठून ताजा होणारा. प्राजक्ता अंगण झाडताना दिसली की यांचा चहा कडू व्हायचा. ती हसली की यांना वाटायचं, गाल दाखवते. गिऱ्हाइकं तिला पेटीवरची समजू लागल्यावर तर रात्रीची झोप उडाली. आणि ती मेली लोकांना सांगत का नाही की ती मी नव्हे, म्हणून?

काकूंनी उपाय काढला. त्यांनी प्राजक्ताला सड्यावर चालायला न्यायचं ठरवलं. "तुज्या वयाक शुगर कळत नाय गो. आतल्या आत वाडता. माजा बग काय झाला." तोंडावर एवढी काळजी आणली की प्राजक्ताचे डोळे भरून आले. "वैनी, तुमी माजो किती इचार करतात," ती म्हणाली. काकूंना क्षणभर लाज वाटली, पण ती लगेच सरली.

दोघी चालू लागल्या. काकू मनात हिशेब करत होत्या, एवढी उतरली की हिचे गाल पण खाली येतील. पण प्राजक्ता घरी परतली की भूक लागली म्हणून घावने जास्तीचे खायची. सड्यावरच्या वाऱ्याने तिचे गाल आणखी लाल झाले. काकूंनी तिला रक्त तपासायला नेलं तर रिपोर्ट चोख आला, आणि त्या आनंदात तिने संध्याकाळी शिरा करून वाटी भरून काकूंकडेच पाठवला. काकूंनी चालायला जाणं बंद केलं.

आंब्याला मोहोर धरला तेव्हा मिहीरने बातमी आणली. पेटी नवीन करायची. जुना फोटो छापून छापून पुसट झाला होता, आणि गिऱ्हाइकांना व्हिडिओही हवा होता.

"फोटो कोणाचो?" काकूंनी विचारलं.

मिहीर मोबाईलकडे बघत राहिला. "दोगींचे काडया. मगे बगया."

पोटच्या पोराने नजर चुकवली की आईला काय ते कळतं. पेटी हातची गेली तर मे महिन्यात त्या अंगणात आपण कोण, हा प्रश्न काकूंपुढे उभा राहिला. सरबताचा ट्रे धरणारी आजी. बस, तेवढीच.

चष्म्याचं निमित्त सांगून काकू एकट्याच कणकवलीला कातडीच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला गोड होती. तिने समजावलं, "काकू, गालाच्या कातडीखाली चरबीची गादी असते. वयानुसार ती आपोआप कमी होते आणि खाली सरकते. चेहऱ्याचं हाडही थोडं झिजतं. त्यात तुमचं वजन झपाट्याने उतरलं. इतकी वर्षं ताणलेली कातडी तरुणपणी आखडून बसली असती. या वयात तिच्यात तेवढा ताण राहत नाही, आणि तुम्ही जन्मभर उन्हात आहात. पण शरीराला तुम्ही केलंत ते चांगलंच झालं."

"माझ्या जावेचं कसं नाही मग असं?"

"त्यांनी वजन उतरवलंय का?"

"छे! ती कसली उतरवते!"

डॉक्टरीण हसली. काकूंना हसू आलं नाही. "मग मी परत वाढवलं तर?"

"वाढेल की. पण गालावरच येईल असं नाही. बहुतेक पोटावर येईल, आणि साखर वाढेल ती वेगळीच."

काकूंनी उन्हात लावायचं मलम घेतलं आणि सल्ला तिथेच ठेवून आल्या. घरी येऊन चोरून खाऊ लागल्या. साजूक तुपातला शिरा, खापरोळ्या, रात्री दूध. ब्लाऊज दाटू लागले, पोट पुढे आलं. गाल जिथे लोंबत होते तिथेच लोंबत राहिले.

फोटो काढणारा यायच्या आदल्या दिवशी काकू स्वयंपाकघरात गेल्या वर्षीच्या फणसाच्या आठळ्या उकडून खात होत्या. एक आठळी गालात धरून त्या कपाटाजवळून गेल्या आणि आरशात दिसलं ते बघून जागीच थांबल्या. उजवा गाल भरला होता. अगदी पेटीवरचा गाल. त्यांनी दुसरी आठळी डाव्या बाजूला सरकवली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तोंड बंद ठेवून किंचित हसल्या आणि पंधरा वर्षांपूर्वीची बाई आरशातून हसली. मग त्यांनी परातीतल्या आठळ्या निवडायला घेतल्या, दोन सारख्या मापाच्या हव्या म्हणून.

सर्वेश नावाचा मुलगा मालवणहून आला. एरवी तो तारकर्लीला पर्यटकांचे पाण्याखाली व्हिडिओ काढायचा. त्याने काकूंना हापूसच्या कलमाखाली उभं केलं, समोर आंब्यांची नव्हे तर नुसत्या पानांची टोपली ठेवली, कारण आंबे अजून सुपारीएवढे होते. प्राजक्ताला त्याने उजेड तोंडावर पाडायला थर्माकोलचा पांढरा तुकडा देऊन बाजूला उभं केलं. काकूंना ते बरं वाटलं. धर म्हणावं.

पहिले फोटो झकास आले. मिहीर कॅमेऱ्यात बघून चकित झाला. "आये, तुजो चेरो काय मस्त इलोहा!" काकूंनी मान डोलावली. प्राजक्ता थर्माकोलमागून टक लावून बघत होती. काकूंच्या मनात लाडू फुटत होते. बघ, बघ नीट.

"आता व्हिडिओ," सर्वेश म्हणाला. "काकी, इतक्याच बोला. 'आमचो हापूस, बागेतून थेट तुमच्या घराक.'"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"अगो बोल मा, लाजतस कित्याक?" मिहीर म्हणाला.

सगळे थांबले होते. काकूंनी दोन्ही आठळ्या जिभेने घट्ट दाबल्या आणि "आमचो" म्हणायला गेल्या. एक आठळी सटकली आणि घशाकडे गेली. डोळे पांढरे झाले, हात हवेत गेले. मिहीर नुसता "आये, आये" करत राहिला. प्राजक्ताने थर्माकोल फेकला, धावत येऊन काकूंना पुढे वाकवलं आणि पाठीत असे गुद्दे घातले की आठळी तांबड्या मातीत जाऊन पडली. दुसरी काकूंनी स्वतःच थुंकली. गाल पुन्हा खाली आले.

दोन्ही आठळ्या सर्वांच्या डोळ्यांसमोर पडल्या होत्या. प्राजक्ता हसली असती तर परवडलं असतं. ती हसली नाही, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तेच काकूंना सहन झालं नाही.

"हास मा! हास!" त्या ओरडल्या. आवाज घोगरा झाला होता. "तुकाच व्हयी होता ह्या! लोका तुका पेटीवरची म्हणतत, तुज्या तोंडाक काय कुलूप पडता? ती मी नाय, ती माजी जाव, इतक्या सांगूक तुका काय होता गो?"

सर्वेश बिचारा अवघडला. कुठे बघावं कळेना म्हणून त्याने नमुन्याला आणलेली जुनी पेटी उचलली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "काकी, ह्या पेटीर पण तुमच्या खांद्यार हात आसा. कोणाचो?"

"माजो," प्राजक्ता म्हणाली.

तिने हात खांद्यावरून काढला नाही. "पंदरा वर्सा तो हात त्या पेटीर आसा. गावोगाव गेलो. घरातल्या, भायरल्या, एका माणसान इचारल्यान नाय, ह्यो हात कोणाचो म्हणान. ह्योच पयलो. मी कोणाक सांगूक गेलंय? मगे लोका माका पेटीवरची म्हणाली, तर म्हटलंय, म्हणूंदेत. अर्दी तरी मी आसंयच थय."

काकूंना सगळं आठवलं, आणि ते विसरायला आपल्याला किती सोपं गेलं तेही कळलं. फोटो दोघींचा होता. काकू कामाच्या गडबडीत उभ्या राहायला तयार नव्हत्या, तेव्हा प्राजक्तानेच त्यांना ओढून झाडाखाली नेलं होतं आणि पळून जाऊ नयेत म्हणून खांदा धरून ठेवला होता. छापखानेवाला म्हणाला, एकच चेहरा ठेवा, उठून दिसेल. कोणता ठेवायचा हे कोणी विचारलंही नाही. नव्या पेट्या घरी आल्या तेव्हा प्राजक्ता म्हणाली होती, "आणि मी खंय गेलंय?" सगळे हसले होते. सगळ्यात मोठ्याने काकू हसल्या होत्या.

तो अख्खा फोटो चौकटीत घालून प्राजक्ताच्या माजघरात लावलेला होता. काकू तिथे बसून शेकडो वेळा चहा प्यायल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्यात स्वतःलाच बघितलं होतं. आपला मत्सर वर्षाचा, हिचा पंधरा वर्षांचा, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि इतकी वर्षं हिने तो बोलून दाखवला नव्हता, याचाही थोडा मत्सर वाटला.

मिहीर जाऊन चौकट घेऊन आला. "ह्योच छापूया. पुरो," तो म्हणाला. काकूंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात नव्या पेट्या गेल्या. 'काकूंचा हापूस' ऐवजी 'दोन काकूंचा हापूस' करायचं का, यावर मिहीर आणि छापखानेवाला पुष्कळ वेळ भांडले आणि शेवटी आहे तेच राहिलं. गाड्या पुन्हा येऊ लागल्या. एका दुपारी नाशिकची माणसं आली. काकू सरबत घेऊन बाहेर आल्या. बाईने पेटीवर बोट ठेवून प्राजक्ताकडे बघितलं.

"ह्या तुम्ही, हो ना? लगेच ओळखलं मी. तेव्हा बारीक होता, पण हसू तेच." मग तिने आवाज उतरवला. "आणि ह्या दुसऱ्या, गोल चेहऱ्याच्या... ह्या गेल्या का हो?"

काकूंना ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, ट्रे खाली आपटावासा वाटला. त्यांनी प्राजक्ताकडे बघितलं. ती नुसती हसून "बसा वो" म्हणणार, याची त्यांना खात्री होती.

प्राजक्ता उठली. तिने काकूंच्या हातातला ट्रे घेऊन बाकड्यावर ठेवला, शेजारी उभी राहिली आणि पेटीवरच्यासारखाच त्यांचा खांदा धरला.

"जातली खंय?" ती म्हणाली. "ही काय, तुमका सरबत घेवन इली ती. माजी मोठी जाव. पेटीवरची काकू म्हणतत ती हीच. आता बगा, वळाखलात?"

बाईने पेटीकडे बघितलं, मग काकूंकडे, मग परत पेटीकडे. तिचा चेहरा लाल झाला. "अगं बाई, हो की! माफ करा हं काकू. तुम्ही बारीक झालात ना, म्हणून." मग तिने मोबाईल काढला. "दोघींबरोबर काढते एक."

काकूंनी पदर नीट केला. फोटो निघेपर्यंत त्यांनी खांद्यावरचा हात राहू दिला, आणि निघाल्यावरही तो बाजूला केला नाही. जवळून बघितल्यावर दिसलं की त्या हाताचीही कातडी सैल झाली होती, शिरा वर आल्या होत्या, डाग पडले होते. काकूंना ते बघून बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग त्यांनी आपला हात त्यावर ठेवला.

गालांबद्दल मात्र त्यांनी प्राजक्ताला अजून माफ केलेलं नाही.